लॉजिक चिपवर एलईडी लावायचा तर

वेंगुर्ल्यात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. धंदा चालतो तो इन्व्हर्टर, अ‍ॅम्प्लिफायर आणि होड्यांवरच्या चार्जरांवर. पण कॉलेजं सुरू झाली की पोरं ब्रेडबोर्ड (डाग न देता सर्किट जोडायचा पाटा) घेऊन येतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते: "मावशी, दिवो पेटता, पण फुडची चिप चलना नाय."

पुढची चिप बहुतेक वेळा ठणठणीत असते. घोळ दिव्याचाच असतो. लाल एलईडीला पेटायला दोन व्होल्टसुद्धा पुरतात. लॉजिक चिप मात्र '१' म्हणजे वरचं व्होल्टेज आणि '०' म्हणजे खालचं, एवढंच ओळखते, आणि पाच व्होल्टवर चालणाऱ्या ७४एचसी जातीच्या चिपला इनपुटवर '१' कळायला साधारण साडेतीन व्होल्ट लागतात. आउटपुटवर एलईडी टांगला की तो त्या आउटपुटला खाली ओढतो. ते अडीच व्होल्टांवर आलं तरी दिवा झकास दिसतो, पण पुढच्या चिपला तो ना धड '१' वाटतो ना '०'. म्हणून मी आधी मीटर लावायला सांगते. काळा प्रोब ग्राउंडला, लाल प्रोब आउटपुटच्या पिनवर, आणि एलईडी पेटलेला असताना वाचायचं. चार व्होल्टांच्या वर असेल तर पुढे काहीही जोडा. साडेतीनच्या आसपास किंवा खाली असेल तर त्या पिनवर एकतर दिवा ठेवा, नाहीतर पुढची चिप.

मग चिपच्या पाठीवरचा नंबर वाचायचा. ७४ च्या पुढची अक्षरं सगळं सांगतात. ७४एचसी०४, ७४एलएस०४ आणि सीडी४०४९ या तिन्हींत सहा-सहा इन्व्हर्टर आहेत (घरातले नव्हेत, '१' चा '०' आणि '०' चा '१' करणारे), पण दिवा पेटवण्याची ताकद तिघांची तीन तऱ्हांची.

आधी एचसी, कारण नव्याने शिकणाऱ्याने हीच घ्यावी. तिचं आउटपुट वर ढकलायला (करंट द्यायला) आणि खाली ओढायला (करंट घ्यायला) सारखंच बळकट असतं. ७४एचसी०४ च्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) बघा: साडेचार व्होल्ट सप्लायवर ४ मिलिअँपिअर काढले, तर आउटपुट किमान ३.९८ व्होल्ट राहील अशी हमी दिलेली आहे. त्याच डेटाशीटमध्ये एका पिनसाठी २५ मिलिअँपिअर असाही आकडा असतो. पोरं नेमका तोच उचलतात. तो चिप मरण्याच्या हद्दीचा आकडा आहे, रोज वापरायचा नव्हे. आणि त्याच्या खालच्या ओळीत सप्लाय आणि ग्राउंडच्या पिनसाठी अख्ख्या चिपचा मिळून ५० मिलिअँपिअरचा आकडा असतो, तो तर कुणी वाचतच नाही.

आता हिशेब. सप्लायमधून एलईडीचं व्होल्टेज वजा करायचं आणि उरलेल्याला रेझिस्टरने भागायचं. लाल एलईडी साधारण १.९ व्होल्ट खातो, म्हणजे पाचातून ३.१ उरतात. पुस्तकांत बहुधा ३३० ओहम दिलेला असतो. त्याने कागदावर ९.४ मिलिअँपिअर येतात. प्रत्यक्षात चिपचा स्वतःचाही अंतर्गत रोध असतो, एचसीच्या साध्या गेटला (चिपच्या आतल्या अशा एकेका भागाला गेट म्हणतात) पन्नासेक ओहम धरा, त्यामुळे आठच्या जरा वर मिळतात आणि आउटपुट ४.६ च्या आसपास बसतं. एका दिव्याला हे चालून जातं. सहाच्या सहा आउटपुटवर असेच दिवे लावलेत आणि सगळे एकदम पेटले, की बेरीज ५० च्या तोंडाशी पोचते. मी सरळ १ के, म्हणजे १००० ओहम लावते, रंगाचे पट्टे तपकिरी, काळा, लाल. तीन मिलिअँपिअर, हमीच्या आत, आणि सहा मिळून अठरा. "उजेड कमी पडेल" म्हणणाऱ्याला मी दोन्ही शेजारी पेटवून दाखवते. हल्लीच्या एलईडीत तीन मिलिअँपिअरला दुकानाच्या बाहेरूनही दिवा दिसतो. १ के आणि ३३० मधला फरक डोळ्याला तिप्पट वाटत नाही, बॅटरीला मात्र वाटतो.

निळा आणि पांढरा एलईडी तीन व्होल्टांच्या आसपास घेतो. पाचातून दोनच उरले, तरी १ के वरचे दोन मिलिअँपिअर त्याला भरपूर होतात. निळा दिवा मला स्वतःला सोसत नाही, रात्री खोलीभर टोचतो. कुणी फारच हट्ट धरला तर ४.७ के लावून देते, तेवढ्यावरही तो चांगला दिसतो. सप्लाय ३.३ व्होल्टचा असेल तर मात्र निळ्याच्या नादाला लागू नका. उरलेल्या ०.३ व्होल्टात काही ठरवता येत नाही. एक एलईडी पेटतो, त्याच पाकिटातला दुसरा मंद राहतो. तिथे लाल घ्या आणि ३९० ओहम लावा.

७४एलएस. जुन्या प्रयोगशाळांच्या कपाटांत याच चिपा भरलेल्या असतात, म्हणून पोरांच्या हातात याच येतात. हिचं आउटपुट एकाच बाजूने बळकट आहे. खाली ओढताना ८ मिलिअँपिअर सहज घेते, वर ढकलताना हमी फक्त ०.४ ची. म्हणजे आउटपुटपासून ग्राउंडकडे दिवा लावायची आपली सवय इथे उलटी पडते. दिवा वरून टांगा: पाच व्होल्टपासून रेझिस्टर, रेझिस्टरपासून एलईडीचा लांब पाय, आणि आखूड पाय चिपच्या आउटपुटला. ४७० ओहम लावलात तर पावणेसहा मिलिअँपिअर मिळतात. आउटपुट '०' झालं की दिवा पेटेल. उलटं वाटत असेल तर चिपमधला एखादा रिकामा इन्व्हर्टर मध्ये घाला; ७४एलएस०४ मध्ये सहा असतात आणि बहुतेकांचे दोन-तीन रिकामेच असतात.

एलएसचं आणखी एक. तिचा '१' मुळातच साडेतीनच्या आसपास असतो, आणि हमी तर २.७ चीच. तिच्यामागे ७४एचसी जोडली तर दिवा नसतानाही ती कधी ऐकेल, कधी नाही. तिथे ७४एचसीटी घ्यावी. त्या 'टी' जातीला दोन व्होल्टांनाच '१' समजतो. दुकानदार "दोन्ही एकच" म्हणून एचसी देतो. घेऊ नका.

सीडी४००० ची जात सगळ्यांत अशक्त, आणि तीच सगळ्यांत फसवी. पाच व्होल्टवर सीडी४०११ सारख्या चिपची हमी अर्ध्या मिलिअँपिअरची, प्रत्यक्षात एक मिळतो. त्यामुळे या चिपला कुणी रेझिस्टर न लावता सरळ एलईडी जोडला तरी काही जळत नाही. चिपच्या अशक्तपणानेच करंट रोखला जातो. मग पोरगा म्हणतो रेझिस्टर लागतच नाही. त्याला त्याच आउटपुटवर मीटर ठेवायला सांगा. दोन व्होल्ट दिसतील, म्हणजे फक्त एलईडी जेवढं घेतो तेवढेच. दिवा दाखवण्यापुरतं ठीक, पण हे आउटपुट कुठल्याच पुढच्या चिपला कळणार नाही. आणि तीच जोडणी उद्या बारा व्होल्टवर नेली की चिप तापायला लागते.

याच घराण्यातल्या सीडी४०४९ आणि सीडी४०५० या बफर (जास्त ओझं पेलणाऱ्या) चिपा खाली ओढायला बऱ्या आहेत, पाच व्होल्टवर तीनेक मिलिअँपिअर हमीने. दिवा वरून टांगायचा, एलएससारखाच. पण सप्लाय देताना जपा: सोळा पिनांची चिप असूनही सप्लाय पिन १ ला आहे, ग्राउंड ८ ला, आणि १६ नंबर रिकामा. सवयीने १६ ला पाच व्होल्ट देऊन "चिप खराब निघाली" म्हणणारे येतच असतात.

होडीवरच्या लोकांसाठी वेगळं सांगते. बॅटरी बारा व्होल्टची म्हणतात, पण इंजिन चालू असताना चौदाच्या वर जाते. सीडी४००० जात तिथे थेट चालते, ७४एचसी नाही. एचसी सहा व्होल्टांपर्यंतच चालवायची, सातच्या पुढे खलास. तिला ७८०५ या व्होल्टेज रेग्युलेटरमधून पाच व्होल्ट द्या आणि सप्लायच्या पिनांजवळ '१०४' लिहिलेला छोटा कपॅसिटर लावाच.

जास्त उजेड हवा असेल, म्हणजे गणपतीच्या मखरातले दिवे किंवा मांडवातून दिसणारी खूण, तर चिपकडून तो मागूच नका. मध्ये बीसी५४७ हा ट्रान्झिस्टर घाला. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरलेत तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटर ग्राउंडला. बेसला चिपच्या आउटपुटपासून ४.७ के: पिवळा, जांभळा, लाल. चिपवर ओझं पडतं जेमतेम ०.९ मिलिअँपिअर, आउटपुट जवळपास पाचावर ठाम राहतं आणि पुढची चिप त्याच पिनवरून निवांत चालते. एलएस असेल तर ४.७ के ऐवजी १० के लावा आणि दिव्याला पाच-दहा मिलिअँपिअरच द्या. कलेक्टरकडे पाच व्होल्टवर १५० ओहम आणि एक लाल एलईडी लावला की एकोणीसेक मिलिअँपिअर. बारा व्होल्टच्या बॅटरीवर तीन लाल एलईडी एकामागे एक आणि ४७० ओहम: बॅटरी बारावर असताना तेरा मिलिअँपिअर, चार्जिंगमध्ये १४.४ झाली तरी अठरा. ३३० लावला तर चार्जिंगच्या वेळी पंचवीस ओलांडतात, म्हणून ४७० च.

सगळे एलईडी एकाच रेझिस्टरवर समांतर लावू नका. ज्याला कमी व्होल्टेज लागतं तो बहुतेक करंट घेऊन बसतो आणि बाकीचे मिणमिणतात.

असे चार-सहा दिवे असतील तर सुटे ट्रान्झिस्टर कशाला जोडत बसता? यूएलएन२००३ घ्या. या चिपच्या आत ट्रान्झिस्टरच्या सात जोड्या, बेसचे रेझिस्टर आतच, पाच व्होल्टचं आउटपुट थेट लागतं. पिन १ ते ७ इनपुट, समोरासमोर १६ ते १० आउटपुट, ८ ग्राउंड. ९ नंबर रिलेसाठी आहे, नुसत्या दिव्यांना मोकळा सोडला तरी चालतो. ही चिप स्वतः व्होल्टभर खाते, तेवढा हिशेबात धरून रेझिस्टर एक पायरी कमी घ्या.

राहिली आपल्याकडची हवा. एचसी किंवा सीडी चिपमधल्या न वापरलेल्या गेटांची इनपुटं हवेत सोडू नका, ग्राउंडला बांधा. मोकळं इनपुट घरच्या वायरिंगचा गुणगुणाट पकडतं. हात जवळ नेला की दिवा थरथरतो आणि मग बटणाला दोष दिला जातो. बटणाच्या इनपुटला पुस्तकातला १ मेगओहमचा रेझिस्टर मुंबईच्या एसी खोलीत चालत असेल. इथे जुलैत बोर्डावर खारट ओल बसते, आणि दोन पट्ट्यांमधून त्या ओलीतून जाणारा करंट मेगओहमशी बरोबरी करतो. मी १० के लावते.

स्वस्त एलईडीचे पाय लोखंडी असतात. लोहचुंबक लावून बघा, चिकटतात. कापलेल्या टोकाला कल्हई राहत नाही आणि गंज तिथूनच चढतो. म्हणून पाय आधी हवे तेवढे कापा आणि मग डाग द्या, म्हणजे टोकही शिशाखाली झाकलं जातं. डाग देताना राहिलेला फ्लक्स स्पिरिटने पुसून काढा, बोर्ड उन्हात कडकडीत वाळवा आणि वरून लाखेचा पातळ हात मारा, पण चिपच्या सॉकेटमध्ये लाख जाऊ देऊ नका. पावसाळ्यानंतर एखादा दिवा मंद झाला, तर चिप बदलण्याआधी ती सॉकेटमधून उचलून परत दाबून बसवा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं, आणि मला चिपही विकावी लागत नाही.