अत्याचाराची शंका नोंदवताना या चुका टाळा : १०८ रुग्णवाहिकेतील डॉक्टर व पायलट (चालक) यांच्यासाठी

शाहूवाडी किंवा गगनबावड्याकडून बालरुग्ण घेऊन आलेले पथक कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयातील डॉक्टरांच्या कानावर ‘प्रकार जरा संशयास्पद वाटतो’ एवढे घालते आणि पुढच्या कॉलला निघून जाते. जबाबदारी संपली असे समजण्याची ही चूक सर्वांत महागात पडणारी आहे. अठरा वर्षांखालील बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे ज्याला वाटते, त्या प्रत्येक व्यक्तीने ते स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलेच पाहिजे, असे २०१२ च्या पॉक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याचे कलम १९ सांगते. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सद्‌हेतूने माहिती देणाऱ्याला मात्र त्याच कायद्याचे संरक्षण आहे. त्यामुळे ‘पुरावा कुठे आहे?’ म्हणून थांबू नये, कारण पुरावा शोधणे हे तपास अधिकाऱ्याचे काम आहे. सीपीआरमधील पोलीस चौकीत स्वतः वर्दी (घटनेची माहिती) द्यावी आणि मिळालेला नोंद क्रमांक रुग्णनोंदीत उतरवून घ्यावा. मारहाणीची किंवा हेळसांडीची शंका असल्यास पोलिसांसाठी ११२ आणि बालकांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

खरी गडबड होते ती लिहिण्यात. ‘छळाची केस’ असा शेरा मारून मोकळे झाले की न्यायालयात त्याचा उपयोग फारसा होत नाही. समजा, ‘बादलीतले गरम पाणी अंगावर सांडले’ असे घरचे सांगत आहेत, पण मुलाची दोन्ही पावले घोट्याच्या वर एकाच रेषेपर्यंत, मोजे घातल्यासारखी भाजली आहेत आणि शिंतोड्यांच्या खुणा कोठेही नाहीत. अशा वेळी सांगणाऱ्याचे शब्द अवतरणचिन्हांत, त्याचे नाते आणि वेळ यांसह जसेच्या तसे लिहावेत, आणि जखम कोठे, केवढी व कशी दिसते हे शेजारी लिहावे. निष्कर्ष लिहू नये. वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे खात्रीने ठरत नाही, म्हणून ‘दोन दिवसांपूर्वीचा’ असे न लिहिता रंगच लिहावा. तान्ह्या बाळाच्या कमरेवरील निळसर जन्मखूण मार म्हणून नोंदवली जाण्याचा धोकाही लक्षात ठेवावा.

घरातच नातेवाइकांना जाब विचारणे टाळावे. त्यामुळे रुग्णाला हलवू देण्यासच नकार मिळू शकतो आणि पथकाच्या जिवावरही बेतू शकते. सोबतच्या नातेवाइकाला पुढे पायलटशेजारी बसवले, तर मागे रुग्ण मोकळेपणाने बोलण्याची शक्यता वाढते. मुलाला ‘काकांनीच मारले ना?’ असे सुचवणारे प्रश्न विचारू नयेत, पुन्हा पुन्हा खोदू नये आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन तर मुळीच देऊ नये. लैंगिक अत्याचाराची शंका असेल आणि उपचारांची निकड नसेल, तर अंग पुसणे व कपडे बदलणे थांबवावे. काढावेच लागलेले कपडे कागदी पिशवीत ठेवावेत, कारण प्लास्टिकमध्ये ओल धरून नमुने खराब होतात.

स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून ते व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याची सवय अनेकांना निरुपद्रवी वाटते. मात्र लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे.

गरिबीला हेळसांड समजण्याची चूकही आपल्याकडे सर्रास होते. हंगामात ऊसतोड मजुरांच्या खोपटात मळक्या कपड्यांतले, अशक्त मूल दिसले म्हणून आईवडिलांवर ठपका ठेवणे अन्यायाचे ठरते. तेथे पोषण आणि उपचारांची सोय पाहावी. उलट, चांगल्या बंगल्यात हाडापर्यंत गेलेल्या शय्याव्रणांसह (सतत पडून राहिल्याने झालेल्या जखमांसह) पडलेल्या आजीबद्दल ‘वय झाले’ म्हणून गप्प बसले जाते. अंथरुणाची अवस्था, पाण्याचे भांडे हाताशी होते का, औषधे कोण देत होते, हे रुग्णनोंदीत यायला हवे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन असून आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्यानुसार ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडणे शिक्षापात्र आहे. घरात मार खाणाऱ्या सज्ञान स्त्रीला १८१ हा क्रमांक एकांतात सांगावा. त्याची चिठ्ठी घरच्यांच्या हाती लागणार नाही, याची खबरदारी घ्यावी.