मासे अंडी घालत नाहीत? आधी पाण्याच्या तापमानाच्या या चुका टाळा

जोडी लावली, खाऊ घातला, तरी अंडी नाहीत, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी पाणी किती अंशांवर आहे ते विचारतो. उत्तर ठरलेलं: "अठ्ठावीस, काका. हीटर बारा महिने चालू असतो." आणि हे वर अभिमानानं सांगतात!

गोल्डफिशला हीटर, ही माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक. हा थंड पाण्यातला मासा. हिवाळ्यात पाणी १०-१५ अंशांपर्यंत उतरलं, मग दिवस मोठे होत गेले आणि पाणी हळूहळू २०च्या आसपास आलं, की नर मादीच्या मागे लागतात. तुम्ही बारा महिने २८ ठेवलंत, तर त्या माशाच्या लेखी ऋतू बदललाच नाही. मग त्यानं अंडी घालायची कशाच्या भरवशावर?

सिंहगड रोडच्या एका मुलाकडे ओरांडाची, म्हणजे गोल्डफिशच्याच एका जातीची, सुरेख जोडी होती. फ्लॅटमध्ये तीन फुटी टँक, हीटर २८वर. गरम केलं की लवकर घालतात असं त्यानं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं आणि हीटर ३१वर नेला. मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. होणारच. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. आणि गरम पाण्यात माशाला तो लागतो जास्त. त्याला म्हटलं, दिवाळी झाली की दोघांना गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीत हलव, हीटर माळ्यावर टाक. पुण्यातली डिसेंबरची रात्र फुकट मिळते, ती वापर.

जानेवारीत घाबरून फोन. "काका, नराला व्हाइट स्पॉट झालाय, मीठ टाकून पाणी गरम करू का?" फोटो मागवला. कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला ओळीनं बारीक, टणक ठिपके. अरे बाबा, हा आजार नाही, नर तयार झालाय! व्हाइट स्पॉटचे दाणे अंगभर, शेपटीवर, कसेही विखुरलेले असतात. त्या दिवशी त्यानं पाणी तापवलं असतं तर अख्खा हिवाळा वाया गेला असता. होळीच्या आधी एका सकाळी पाणवनस्पतींना अंडी चिकटलेली दिसली. फोटो काढून सगळ्यांना पाठवण्यात तो इतका रमला, की आईबापांना बाहेर काढायचं राहिलं आणि निम्मी अंडी त्यांनीच खाल्ली. घाईची माणसं नेमकी जिथे घाई हवी तिथे रेंगाळतात.

दुसरी चूक अंडी घातल्यानंतरची: कॅलेंडर बघून अंडी फेकून देणं. एंजल माशाची अंडी २७-२८ अंशांना साधारण ६० तासांत फुटतात, हे सगळ्यांना पाठ असतं. पण अंड्याला तास कळत नाहीत, मिळालेली ऊब कळते. पाणी २४ असेल तर तीन दिवस उलटून जाऊ शकतात. कोथरूडच्या एका ताईंनी "मेली वाटतं" म्हणून अंडी चिकटलेलं अख्खं पान धुऊन टाकलं. हीटरच्या चकतीवर २८ होतं. काचेचा थर्मामीटर बुडवला तर चोवीसला थोडंच जास्त. चकतीवर विश्वास ठेवू नका. टँकला बाहेरून चिकटवायची ती रंगीत पट्टी तर मी शोभेची वस्तू समजतो. थर्मामीटर पाण्यात, हीटरपासून लांबच्या कोपऱ्यात. आणि पान धुण्याआधी बॅटरीच्या उजेडात अंडं बघा: दुधासारखं पांढरं झालं असेल तर गेलं, आरपार दिसत असेल आणि आत काळसर ठिपका असेल तर हात लावू नका.

कोरीडोरास, म्हणजे तळाशी फिरणारे छोटे मासे, पाळणारे उलटी चूक करतात. त्यांना हीटर वाढवून काही मिळत नाही. आपल्याकडे पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे येतात ना, पोटात अंडी घेऊन? नवं, गार पाणी आलं की निघतात. कोरीचंही तसंच. चांगलं खाऊ घालून मग एक तृतीयांश पाणी बदला, नवं पाणी दोन-तीन अंश गार, क्लोरीन काढलेलं. बऱ्याचदा त्यानंतर काचेवर अंडी दिसतात. नाही दिसली तर काही दिवसांनी पुन्हा. बर्फाचे खडे टाकणारेही भेटलेत मला. त्यांच्याशी काय बोलणार?

फायटर माशाच्या टँकवर झाकण ठेवा. पिल्लं वरची हवा घ्यायला लागतात तेव्हा ती हवा उबदार आणि दमट लागते. गप्पीला अंडी नसतात, थेट पिल्लं. पाणी गार असेल तर महिन्याहून जास्त थांबावं लागतं, मादीला सारखं जाळीत कोंडू नका. नवे मासे आणले की पिशवी आधी टँकवर तरंगत ठेवा, अर्धा तास गेला तरी चालेल.

राहिला मे महिना. बाहेर चाळीसला टेकलेलं असतं आणि टँकचं पाणी बत्तीस अंशांच्या पुढे. त्या दिवसांत मी कुठलीच जोडी लावत नाही. झाकण काढतो, पाण्यावर छोटा पंखा सोडतो, दोन-तीन अंश उतरतात, एअर पंप रात्रभर चालू ठेवतो आणि खाणं निम्म्यावर आणतो. जोड्या लावायच्या त्या पाऊस स्थिरावल्यावर, जुलैत.