डिस्टोपियन कथेतला सेन्सॉर फसतो कुठे? या चुका टाळा

दिवाळी अंकासाठी कथा निवडताना दरवर्षी दहा-बारा डिस्टोपियन कथा, म्हणजे भविष्यातल्या दडपशाहीच्या जगाच्या कथा, माझ्याकडे येतात. बऱ्याचशा पहिल्याच पानावर ओळखू येतात. साल 2090, गल्लोगल्ली कॅमेरे, भिंतीभिंतीवर ‘महानेत्या’चं चित्र, चौकात पेटलेली पुस्तकांची होळी. लिहिणाऱ्याची तळमळ खरी असते, म्हणूनच जीव हळहळतो. कारण चौथ्या पानापर्यंत वाचणाऱ्याला भीतीच वाटेनाशी होते. कथा परत पाठवताना लेखकांना जे सांगते, तेच इथे सांगते.

सेन्सॉरला चेहरा असतो, काम नसतं

सगळ्यात जास्त कथा इथेच आपटतात. बंदी कोण घालतं? ‘व्यवस्था’. कशी घालते? ते कुणालाच ठाऊक नसतं, लेखकालाही नाही.

जॉर्ज ऑर्वेलच्या ‘1984’ मधलं पहिल्या भागाचं चौथं प्रकरण काढून बघा. नायक विन्स्टन स्मिथ सरकारी कचेरीत आपल्या टेबलाशी बसलेला आहे. भिंतीतल्या नळीतून चिठ्ठ्या येतात: अमुक तारखेच्या अंकातलं अमुक विधान ‘दुरुस्त’ करा. विदर्स नावाच्या एका माणसाला सत्ताधारी पक्षाने नाहीसा केलाय, पण जुन्या भाषणात त्याचं कौतुक छापून गेलंय. विन्स्टन त्याच्या जागी ऑगिल्व्ही नावाचा, कधी जन्मालाच न आलेला, शूर सैनिक बसवतो. मूळ कागद चुरगाळून भट्टीच्या भोकात टाकतो. आणि त्याला हे काम मनापासून आवडतं! माझ्या अंगावर काटा येतो तो याच ठिकाणी. ज्याला खोटं सोसत नाही, तोच ते सर्वांत सफाईने लिहितोय. ऑर्वेलला हे कल्पनेतून काढावं लागलं नव्हतं. 1941 ते 1943 तो बीबीसीमधून हिंदुस्थानसाठी कार्यक्रम करत होता, तेही युद्धकाळातल्या सेन्सॉरच्या नजरेखालून जाणारे. त्याची पत्नी आयलीन काही काळ सेन्सॉरशिप विभागातच नोकरीला होती.

खरे सेन्सॉरही असेच टेबलामागे बसलेले सापडतात. पोलंडमधल्या क्राकोव शहरातला तोमाश स्त्शिझेव्स्की हा सेन्सॉर 1977 साली कार्यालयातल्या सूचनांची शेकडो पानं घेऊन स्वीडनला निसटला. त्या पानांत गर्जना नाहीत. कारखान्यांमुळे किंवा शेतीतल्या रसायनांमुळे जिवाला असलेल्या धोक्याची माहिती छापू देऊ नये, अशा कोरड्या ओळी आहेत.

तेव्हा उपाय असा: तुमच्या सेन्सॉरला आधी टेबल-खुर्ची द्या. दिवसाला किती पानं तपासायची, शंका आली तर कुणाला विचारायचं, नजरचूक झाली तर पगार कापतात की बदली होते, हे सगळं ठरवा. कथेत यातलं दोन ओळींचंच येईल, पण तुम्हाला सगळं माहीत हवं.

दडपण फक्त वरूनच येतं

हुकूमशहा दुष्ट आणि जनता बिचारी, अशी वाटणी केली की कथा सोपी होते आणि खोटीही. रे ब्रॅडबरीच्या ‘फॅरनहाइट 451’ मध्ये (1953) पुस्तकं जाळणाऱ्या दलाचा प्रमुख बीटी नायकाला स्पष्ट सांगतो की हे सरकारी हुकमाने सुरू झालंच नाही. आधी पुस्तकांचे सारांश आले, मग सारांशांचे सारांश. कुणालाही न दुखवण्याची धडपड आली. लोकांनीच वाचणं सोडलं, आगी नंतर आल्या. पुढे घडलं ते आणखी बोलकं आहे. याच कादंबरीची शाळांसाठीची आवृत्ती 1967 मध्ये निघाली, आणि प्रकाशकाच्या कचेरीत तिच्यातले आक्षेपार्ह वाटणारे शब्द गुपचूप बदलले गेले. लेखकाला कित्येक वर्षं पत्ताच नव्हता. कुठल्याही सरकारने ते सांगितलं नव्हतं.

मार्गारेट ॲटवूडच्या ‘द हँडमेड्स टेल’ मधला (1985) प्रसंग मी लेखकांना पुन्हा पुन्हा वाचायला सांगते. नायिका सिगारेट घ्यायला दुकानात जाते आणि तिचं कार्ड चालत नाही. यंत्र बिघडलं असेल, असं तिला वाटतं. त्याच दिवशी तिची ग्रंथालयातली नोकरी जाते, आणि मग कळतं की देशातल्या सगळ्या बायकांची खाती गोठवली आहेत. पैसे आता नवऱ्याच्या ताब्यात. नवरा प्रेमळ आहे, तो तिची समजूत घालतो. आणि तिच्या मनात येतं की याला हे तितकंसं खटकलेलं नाही. हुकूमशाही उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात आली ती या क्षणी. तुमच्या कथेत असा क्षण कुठे आहे? बंदीमुळे ज्याचा थोडासा का होईना फायदा झाला, असं घरातलं माणूस कोण? ते शोधा. निम्मी कथा तिथेच दुरुस्त होते.

परकी भाषा

‘सेक्टर सेव्हन’, ‘कंट्रोल युनिट’, ‘झेड-कोड’. मराठी कथेत ही नावं आली की वाचक थेट परदेशी सिनेमात जातो. याची गरजच नाही. माणूस गायब करायची सोय आपल्या भाषेत तयार आहे. कार्यालयीन मराठी बघा: ‘सदर नोंद वगळण्यात आली आहे.’ ‘उचित कार्यवाही करण्यात येईल.’ कोणी वगळली? कोण करणार? कर्ताच नाही. कर्मणी प्रयोगाच्या आड आख्खं खातं लपतं. एका लेखकाला मी नायकाच्या वडिलांची अटक अशा दोन ओळींच्या पत्रात लिहायला सांगितली होती. तीन पानांची मारझोड त्याने स्वतःच काढून टाकली.

बंड स्वस्तात मिळतं

नायक चौकात भाषण देतो, गर्दी पेटून उठते, पडदा. ज्या राज्यात कुजबुजायची सोय नाही, तिथे लाउडस्पीकर कुठून आला?

बंड लहान असू द्या आणि त्याची किंमत मोठी असू द्या. विन्स्टन रोजनिशी लिहितो आणि कुणी हात लावला तर कळावं म्हणून वहीच्या कोपऱ्यावर पांढुरक्या धुळीचा एक कण ठेवतो. पकडला गेल्यावर उमगतं की पोलिसांनी वही केव्हाच वाचली होती, आणि तो कणही जागच्या जागी परत ठेवला होता. एवढ्याशा कणात पाळतीची सगळी ताकद मावली आहे.

आडून बोलायची रीत तर मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीची आहे. 1907 साली रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त व्हाइसरॉय राहिलेल्या लॉर्ड कर्झनचं नाव कुठेही नाही, सगळी महाभारताचीच गोष्ट. प्रेक्षकांनी कीचक ओळखला. सरकारनेही ओळखला आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी घातली. जून 1975 मध्ये आणीबाणी लागल्यावर दोन-चार दिवसांतच मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात छोट्या जाहिरातींमध्ये एक निधनवार्ता छापून आली: डी. ई. एम. ओक्रसी, टी. रुथ यांचे प्रिय पती, 26 जूनला निवर्तले. नावं जोडून वाचली की ‘डेमोक्रसी’ आणि ‘ट्रुथ’. सेन्सॉरच्या हाताखालून ती निसटली, कारण निधनवार्ता कोण तपासतो?

साधनांचाही विचार करा. रुमानियात 1983 च्या हुकमाने घरातला टाइपरायटर पोलिसांकडे नोंदवावा लागे, आणि त्याच्या अक्षरांचा नमुना देऊन ठेवावा लागे. तुमच्या नायकाला पत्रक काढायचं असेल, तर यंत्र कुणाचं, कागद कुठला, आवाज शेजारी जाईल का, इथपासून सुरुवात आहे.

शेवटच्या पानावर राजवट कोसळवू नका, एवढंच त्याबाबत सांगते. जागा पुरत नाही.

गेल्या वर्षी एका मुलीची कथा मी अशाच शेऱ्यांसह परत पाठवली होती. यंदा ती पुन्हा आली. महानेता गेला होता. आता नायिका तालुक्याच्या वाचनालयात कारकून आहे आणि बंदी आलेल्या पुस्तकांची सूचीपत्रं फाडून टाकणं हे तिचं काम. रोज पन्नास पत्रं. ती ती फाडत नाही, घरी नेते आणि कोऱ्या बाजूवर किराणा लिहिते: अर्धा किलो शेंगदाणे, पाव किलो रवा, साबण दोन. यादी वाण्याकडे जाते. तो सामान बांधतो, हिशेब मांडतो, आणि गिऱ्हाईक गेल्यावर कागद उलटा करतो.