परतीच्या विमानापासून मागे आखलेली सहल : पॅरिसमधले शेवटचे दोन दिवस आणि मुंबईपर्यंतचा प्रवास

युरोपच्या सहलीची आखणी परतीच्या विमानाच्या वेळेपासून मागे मागे करत यावी, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या आठवड्यात एखादी गाडी चुकली तर पुढचा कार्यक्रम हलवता येतो, पण शेवटच्या दोन दिवसांत काही चुकले तर भरपाईला दिवसच उरत नाही. हे मार्गदर्शन पॅरिसहून मुंबईला परतणाऱ्यांसाठी आहे, कारण आपल्याकडच्या पुष्कळ सहली तिथे संपतात आणि तिथल्या व्यवस्थेचा मला स्वतःला अनुभव आहे.

आधी वार पाहावा. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, तर ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. समजा, विमान बुधवारी सकाळी आहे, म्हणजे हाताशी सोमवार आणि मंगळवार उरतात. अशा वेळी लूव्र सोमवारी आणि ओर्से मंगळवारी ठेवावे, आणि व्हर्साय त्याआधीच उरकलेले असावे. शेवटच्या दिवशी शहराबाहेर जाऊ नये. मों-साँ-मिशेलसारख्या दूरच्या ठिकाणी एका दिवसात जाऊन परत येण्याचा मोह होतो, पण परतीची गाडी रद्द झाली तर त्या रात्री बॅगा भरायच्या की स्थानकावर ताटकळत बसायचे, हा प्रश्न उभा राहतो.

शेवटच्या दिवशी एकच ठिकाण निवडावे आणि ते सावकाश पाहावे. माझी निवड नोत्र-दामची असते. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत छत आणि मनोरा गमावलेले हे कॅथेड्रल डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुले झाले. प्रवेशाला पैसे लागत नाहीत आणि वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवली तर रांग बरीच कमी होते. आईला घेऊन गेलो तेव्हा ती आत शिरताच एका खुर्चीवर बसली आणि अर्धा तास उठली नाही. धुऊन निघालेल्या दगडाचा फिकट, जवळजवळ सायीसारखा रंग ती मान वर करून पाहत होती. दहा दिवसांच्या धावपळीत तिला निवांत बसायला मिळाले ते तिथेच. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर शेवटच्या दिवसात अशी बसण्याची जागा आवर्जून ठेवावी.

आयफेल मनोऱ्याची रोषणाई मात्र शेवटच्या रात्रीवर ढकलू नये. अंधार पडल्यावर दर तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटे मनोरा चमचमतो, पण जूनमध्ये पॅरिसला सूर्यच दहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळे ते पाहून हॉटेलवर परतेपर्यंत मध्यरात्र होते आणि पहाटे उठून विमानतळ गाठणे सगळ्यांनाच जड जाते. एक रात्र आधी पाहावे.

सामानाचा विचार निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे, तर दोन रात्री आधी करावा. आकड्याला अडकवून बॅग तोलण्याचा छोटा डिजिटल काटा घरूनच न्यावा. जाताना ज्या जागी चिवडा, खाकरे, मेतकूट आणि लोणच्याची बरणी होती, त्या जागी आता चॉकलेट, साबण, जॅमच्या बाटल्या आणि अत्तरे आलेली असतात, आणि काचेचे वजन हातात घेतल्यावर वाटते त्याहून बरेच जास्त भरते. तिकिटावरची वजनमर्यादा २३ किलो असेल तर काट्यावर २२ च्या आत राहावे, कारण हॉटेलमधला आपला काटा आणि विमानतळावरचा काटा यांचे नेहमीच जुळते असे नाही. बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून स्वेटरच्या मधोमध ठेवाव्यात.

हातातल्या बॅगेत काय चालत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला एकदा नीट सांगावे. शंभर मिलिलिटरपेक्षा मोठे द्रव पदार्थ चालत नाहीत हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु मऊ चीज, जॅम, मोहरीची चटणी आणि चॉकलेटचा लेप हेसुद्धा सुरक्षा तपासणीत द्रवातच मोजले जातात, हे पुष्कळांना तिथे गेल्यावर कळते. कोंतेसारखे कडक चीज दुकानातून निर्वात पिशवीत बांधून घ्यावे आणि मोठ्या बॅगेत ठेवावे. स्वित्झर्लंडहून घेतलेला खिशातला चाकूही मोठ्या बॅगेतच जावा. पॉवर बँक मात्र नेमकी उलट, म्हणजे नेहमी हातातल्या बॅगेत. रोजची औषधे, घराच्या किल्ल्या आणि एक कपड्यांचा जोड हातातच ठेवावा.

आता सर्वांत जास्त चुका जिथे होतात ती गोष्ट, म्हणजे करपरतावा. फ्रान्समध्ये त्याला ‘देताक्स’ म्हणतात. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या, सोळा वर्षे पूर्ण झालेल्या पर्यटकाने एकाच दुकानातून शंभर युरोंहून अधिक खरेदी केली तर तिथला कर परत मिळू शकतो. कराचा सर्वसाधारण दर २० टक्के असला, तरी सेवाशुल्क वजा जाऊन हातात साधारण १२ टक्क्यांच्या आसपास पडतात. त्यासाठी खरेदीच्या वेळीच पासपोर्ट दाखवून दुकानातून अर्ज करून घ्यावा लागतो. नुसत्या बिलावर काही होत नाही.

विमानतळावर हा अर्ज प्रमाणित करण्यासाठी ‘पाब्लो’ नावाची यंत्रे आहेत. अर्जावरचा बारकोड यंत्रासमोर धरायचा, पडद्यावर मंजुरीचा हिरवा संदेश येईपर्यंत थांबायचे आणि मगच पुढचा अर्ज घ्यायचा. हिरवा संदेश आला नाही तर शेजारच्या सीमाशुल्क खिडकीवर जावे लागते आणि तिथे अधिकारी वस्तू दाखवायला सांगू शकतात. म्हणूनच हे काम चेक-इनच्या आधी करायचे असते. पहिल्या खेपेला आम्ही घाईत बॅगा आधी पट्ट्यावर सोडल्या. बहिणीसाठी घेतलेली पर्स त्यातच होती, आणि यंत्राने आम्हाला नेमके खिडकीकडे पाठवले. दाखवायला वस्तू नव्हती, म्हणून परतावा बुडाला. तेव्हापासून परताव्याच्या सगळ्या वस्तू एका वेगळ्या पिशवीत, बॅगेच्या अगदी वरच्या थरात आणि अर्ज पासपोर्टच्या पाकिटात, अशी आमच्याकडे रीतच पडली आहे.

ज्यांची सहल पॅरिसनंतर झ्युरिकला संपते त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्वित्झर्लंड शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात असले, तरी युरोपीय संघात नाही. त्यामुळे फ्रान्समधल्या खरेदीचे अर्ज झ्युरिकच्या विमानतळावर प्रमाणित होत नाहीत, ते फ्रान्समधून बाहेर पडतानाच करून घ्यावे लागतात. स्वित्झर्लंडमधल्या खरेदीचा परतावा वेगळा असून त्यासाठी एका दुकानात किमान ३०० फ्रँकची खरेदी लागते.

शार्ल द गोल विमानतळावर जाण्यासाठी गार द्यु नोर स्थानकातून आरईआर बी ही लोकल मिळते आणि तिला साधारण ३५ मिनिटे लागतात. २०२५ मध्ये तिचे तिकीट १३ युरो होते, तर टॅक्सीचे ठरावीक भाडे सीन नदीच्या उजव्या तीरावरून ५६ आणि डाव्या तीरावरून ६५ युरो होते. याचा अर्थ चौघे जण असाल तर लोकलचे ५२ आणि टॅक्सीचे ५६ यांत फारसा फरक उरत नाही, आणि जड बॅगा घेऊन जिने चढणे वाचते. एकटे किंवा दोघे असाल तर लोकलच बरी, मात्र गर्दीत पासपोर्ट आणि पाकीट आतल्या खिशात असू द्यावे. टर्मिनलचा क्रमांक आदल्या रात्रीच पाहून ठेवावा, कारण टर्मिनल एक आणि तीनसाठी एक स्थानक आहे आणि दोनसाठी दुसरे. संपाची बातमी असेल तर लोकलचा नाद सोडून टॅक्सी आधीच ठरवावी.

परताव्याचे काम असेल तर विमानाच्या चार तास आधी पोहोचावे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात परदेशी प्रवाशांच्या बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन नोंदणी करण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे पासपोर्ट तपासणीलाही जादा वेळ हाताशी असावा.

विमानाला उशीर झाला तर आपला हक्क माहीत असावा. युरोपीय संघातून निघणाऱ्या विमानाला, मग कंपनी कुठल्याही देशाची असो, तिथला नुकसानभरपाईचा नियम लागू होतो. ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासात कंपनीच्या दोषामुळे फार उशीर झाला तर माणशी ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. वादळासारख्या कारणांना ती मिळत नाही, पण खाण्यापिण्याची आणि गरज पडल्यास मुक्कामाची सोय कंपनीनेच करायची असते. बोर्डिंग पास आणि तिथे केलेल्या खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

मुंबईत उतरल्यावर पुढे नागपूरचे किंवा गोव्याचे विमान असले तरी बॅगा मुंबईतच ताब्यात घेऊन सीमाशुल्क तपासणीतून जावे लागते. मद्य दोन लिटरपर्यंत चालते. शुल्कमुक्त खरेदीची मर्यादा २०१६ च्या नियमांत ५०,००० रुपये होती. ती बदलत असल्याने निघण्यापूर्वी चालू आकडा पाहावा. ट्यूलिपचे कंद किंवा बिया मात्र परवान्याशिवाय आणू नयेत. बॅग आली नाही किंवा फुटलेली आली तर पट्ट्याजवळच्या काउंटरवर लेखी नोंद केल्याशिवाय हॉलबाहेर पडू नये. बाहेर पडल्यावर तीच तक्रार पटवून देणे फार कठीण जाते.

घरी आल्यावर पहिले दोन दिवस मोकळे ठेवावेत. उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, आणि पूर्वेकडे येताना तो पचायला अधिक वेळ लागतो. उरलेल्या युरोच्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १८० दिवसांच्या आत बदलून घ्याव्यात. दोन हजार डॉलरपर्यंतची रक्कम पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येते. नाणी मात्र इथे सहसा कोणी बदलून देत नाही, म्हणून ती विमानतळावरच्या शेवटच्या कॉफीत संपवलेली बरी. आणि परताव्याची रक्कम कार्डावर जमा झालेली दिसेपर्यंत देताक्सच्या अर्जांच्या प्रती फाडू नयेत.