टॅलीच्या वर्गाला जाण्याआधी

कम्युनिटी कॉलेजात संगणकीय लेखांकनाला, म्हणजे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या वर्गाला, नाव घातलंत, फी भरलीत, आता वर्ग सुरू व्हायला पंधरा दिवस आहेत. या दिवसांत संगणकाला हात लागला नाही तरी चालेल, पण एक शंभर पानी वही आजच घ्या. तिच्यात घरातली रोजची आवक-जावक लिहा: दूध, रिक्षा, गॅस, आईच्या विड्यांचा आठवड्याचा पगार, शेजारणीला दिलेले हातउसने. ज्या दिवशीचं त्याच दिवशी, तारीख टाकून. हीच रोजकीर्द. रात्री डब्यातले पैसे मोजून वहीतल्या शिल्लकेशी ताळा घाला. सुरुवातीला दहा-वीस रुपये जुळणार नाहीत, ते कुठे गेले हे आठवून शोधा. नोकरीतही बराच वेळ याच शोधात जातो.

चार दिवस झाले की प्रत्येक नोंदीच्या दोन बाजू लिहायला लागा. घेणाऱ्याचं खातं नावे, देणाऱ्याचं जमा. आलेली वस्तू नावे, गेलेली जमा. खर्च आणि तोटा नावे, उत्पन्न आणि नफा जमा. वर्गात हे सगळं इंग्रजी शब्दांत येतं, म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर जोड्या मांडून ठेवा: नावे म्हणजे डेबिट, जमा म्हणजे क्रेडिट, खतावणी म्हणजे लेजर, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, जिच्या दोन्ही बाजू जुळाव्या लागतात) म्हणजे ट्रायल बॅलन्स, ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट. सोलापूरच्या पूर्व भागातल्या ज्या घरांत तेलुगू बोलतात त्यांनी तिसरा रकाना तेलुगूचा आखावा. बँकेचं पासबुकही शेजारी घेऊन बसा. तुम्ही भरलेले पैसे तिथे क्रेडिटला दिसतात, कारण ते बँकेच्या बाजूने लिहिलेलं असतं. तुमच्या वहीत तेच पैसे बँक खात्याला नावे पडतात. हा उलटसुलट प्रकार घरीच समजून घेतला तर बँकेची जुळवणी शिकवतील तेव्हा गोंधळ होणार नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी नवीन होते, तेव्हा कामगारांना दिलेली उचल दोन महिने मजुरीच्या खर्चात टाकत राहिले. टॅलीने एकदाही अडवलं नाही. दोन्ही बाजू सारख्या, तेरीज जुळलेली. पुढे पूर्ण मजुरीची नोंद झाली तेव्हा तोच पैसा दुसऱ्यांदा खर्चात पडला आणि नफा कमी दिसायला लागला. उचल हा खर्च नव्हे, ते कामगाराकडून येणं आहे, मजुरीतून कापून घ्यायचं. तिची जागा लोन्स अँड ॲडव्हान्सेस या मालमत्तेच्या गटात. बेरीज यंत्र करतं, पण कोणता पैसा कुठल्या खात्यात जायचा हे आपणच ठरवायचं असतं, आणि तिथली चूक बेरजेत दिसत नाही. म्हणून टॅलीतले तयार २८ गट आधीच पाहून ठेवा आणि ओळखीच्या कारखान्यातल्या, दुकानातल्या वीस-पंचवीस गोष्टी त्यांत बसवून बघा. यंत्रमाग फिक्स्ड ॲसेट्समध्ये, सूत पर्चेस अकाउंट्समध्ये, मागाची वीज डायरेक्ट एक्स्पेन्सेसमध्ये, ऑफिसातला चहा इनडायरेक्टमध्ये. उधारीवर माल नेणारा व्यापारी संड्री डेटर्स, उधारीवर सूत देणारा संड्री क्रेडिटर्स. चुकलं तर खोडा आणि का चुकलं ते शेजारी लिहा.

जीएसटीची पाच-सहा जुनी बिलं नात्यातल्या किंवा ओळखीच्या दुकानदाराकडून मागून आणा. प्रत्येकावरचा व्यापाऱ्याचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक नीट वाचा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९, तेलंगणाचे ३६. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. सोलापूरकराला हे विशेष लागतं. पुणे अडीचशे किलोमीटरवर असूनही आपल्याच राज्यात, आणि विजापूर शंभर किलोमीटरवर असून दुसऱ्या. दहा हजारांचे टॉवेल ५ टक्के दराने पुण्याच्या व्यापाऱ्याला गेले तर २५० सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि २५० एसजीएसटी (राज्याचा वाटा). तेच विजापूरच्या व्यापाऱ्याला गेले तर ५०० आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांतल्या व्यवहारावरचा कर. बिलावरचा एचएसएन, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा क्रमांकही बघा, टॉवेलचा ६३०२ ने सुरू होतो.

बोटांची तयारी थोडीच. कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या भागात ५ वर उंचवटा असतो, मधलं बोट तिथे ठेवून न बघता आकडे टाका, रोज दहा मिनिटं. एफ ४ कॉन्ट्रा, एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ७ जर्नल, एफ ८ सेल्स, एफ ९ पर्चेस, एवढं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

पेनड्राइव्ह मात्र पहिल्याच दिवशी हवा. आमच्या लॅबमधल्या संगणकांतला डेटा एकदा न सांगता पुसून टाकला आणि माझा तीन आठवड्यांचा सराव गेला. उठण्याआधी डेटा मेनूतून बॅकअप घ्या. घरी एज्युकेशनल मोडवर (परवाना न घेता चालणाऱ्या सरावाच्या प्रकारात) सराव करताना टॅलीत महिन्याच्या ठरावीक तारखाच चालतात, जसं १, २ आणि ३१. तिथे काही बिघडलंय असं समजू नका.

वर्ग जानेवारीत असेल तर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेच्या, दिवसांत होम मैदानाच्या बाजूची गर्दी धरून अर्धा तास लवकर निघा.

आणि ती शंभर पानी वही पिशवीत असू द्या. कंपनी तयार करा म्हटल्यावर बहुतेक जण एबीसी ट्रेडर्स लिहितात. तुम्ही आपल्या आडनावाने कंपनी काढा आणि वहीतली पहिल्या दिवसाची डब्यातली शिल्लक ओपनिंग बॅलन्स म्हणून टाका.