टर्कीची छाती कोरडी, मांडी कच्ची: अखेर जमलं

थँक्सगिव्हिंगची (अमेरिकेतला नोव्हेंबरचा सण) साडेपाच किलोची टर्की, म्हणजे कोंबडीसारखाच पण मोठा पक्षी. छातीचं मांस भुशासारखं, मांडी हाडापाशी कच्ची. वरून रस ओतणं, फॉइल, मंद आच, सगळं फुकट, वैताग नुसता. दोष पक्ष्याच्या गोलसर घडणीचा होता, म्हणून या वेळी तो सपाट करून भाजला.

रविवारी सकाळी गोठलेली टर्की फ्रिजच्या तळकप्प्यात (दर सव्वादोन किलोला २४ तास). बुधवारी कात्रीने कणा कापून काढला, छाती दाबून पक्षी सपाट केला, ५० ग्रॅम बारीक मीठ चोळून उघडाच फ्रिजमध्ये ठेवला. पाकिटावर मिठाचं पाणी टोचल्याचं लिहिलं असेल तर मीठ वगळा! कण्याचा रस्सा ग्रेव्हीसाठी त्याच रात्री उकळला.

गुरुवारी २२० अंश सेल्सियसला जाळीवर सुमारे ८० मिनिटं. घड्याळापेक्षा थर्मामीटर खरा: छाती आणि मांडी, हाडाला न टेकवता, दोन्हीकडे किमान ७४ अंश. अर्धा तास थांबून मग सुरी.