क्विटोला पहिल्यांदा जाताय? या चुका टाळा

इक्वेडोरची राजधानी क्विटो (तिथले लोक ‘कीतो’ म्हणतात) पिचिंचा ज्वालामुखीच्या उतारावर २,८५० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. त्याच्या माथ्यावरून आणखी बाराशे मीटर चढावं, तेव्हा कुठे या शहराची उंची गाठली जाते. हा आकडा बहुतेकांनी वाचलेला असतो, तरीही लोक पहिल्याच सकाळी तेलेफेरिको या केबल कारच्या रांगेत उभे राहतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

ही केबल कार वीसेक मिनिटांत ३,१०० मीटरवरून जवळपास ४,००० मीटरवर नेते. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. पुढचं ठरलेलं. पहिला अर्धा तास उत्साहात जातो, फोटो निघतात. मग कानशिलं ठणकू लागतात, मळमळतं, बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी धाप लागते. अशा वेळी डोकेदुखीची गोळी घेऊन रुकु पिचिंचा शिखराच्या वाटेला लागणारे बरेच असतात. गोळीने ठणका दबतो, पण शरीर उंचीला सरावलेलं नसतंच. शिखर जवळपास ४,७०० मीटरवर. दुपारी ढग उतरतात, वाट दिसेनाशी होते, विजा कडाडतात आणि त्या उघड्या गवताळ उतारावर सगळ्यात उंच तुम्हीच असता.

उपाय साधा आहे, फक्त धीर हवा. पहिल्या दोन रात्री विमानतळाच्या बाजूला तुंबाको किंवा पुएंबोत काढा. ती गावं २,४०० मीटरच्या आसपास आहेत. मग दोन दिवस जुन्या शहरात रमतगमत फिरा. १९७८ सालीच जागतिक वारसा ठरलेलं शहर आहे, ला कोंपान्या चर्चचं सोनेरी कोरीवकामच तासभर बघत राहावं असं. तेलेफेरिको पाचव्या दिवशी, सकाळी उघडताक्षणी, आणि दुपारच्या आत खाली. तोवर दारू नको, रात्रीचं जेवण हलकं. उंचीचा त्रास टाळण्यासाठी असेटाझोलामाइड हे औषध साधारणपणे १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, उंचीवर जाण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. पण निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच घ्या आणि सल्फा गटातल्या औषधांची ॲलर्जी असेल तर सांगा. डोकं दुखत असताना वर चढायचं नाही. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर तडक खाली उतरायचं. ऑक्सिजनच्या डब्याने काही मिनिटं बरं वाटतं, एवढंच. तो सरावाची जागा घेत नाही.

दुसरी चूक विषुववृत्ताची. ‘मिताद देल मुंदो’ या विषुववृत्ताच्या स्मारकातल्या पिवळ्या रेषेवर एक पाय उत्तरेत, एक दक्षिणेत ठेवून सगळे फोटो काढतात. जीपीएसनुसार खरी रेषा तिथून साधारण २४० मीटर उत्तरेला आहे. स्मारक अवश्य पाहा, पण रेषेच्या दोन बाजूंना बेसिनमधलं पाणी उलटसुलट फिरतं, हा खेळ खरा मानू नका. इतक्या छोट्या भांड्यात पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम नगण्य असतो. पाणी ओततानाच त्याला दिशा दिली जाते. मुलांना हे विज्ञान म्हणून दाखवलं जातं, याचं वाईट वाटतं.

चलन २००० सालापासून अमेरिकी डॉलर आहे. पन्नास-शंभरच्या नोटा छोट्या दुकानांत घेत नाहीत, एक, पाच, दहाच्या ठेवा.

एल पानेसियोच्या टेकडीवर पायऱ्यांनी चढू नका, वाटेत लुटालूट होते. टॅक्सीने जा आणि तीच थांबवून ठेवा.

ढगाळ दिवशीही उन्हाने कातडी सोलवटते, सनस्क्रीन सकाळीच लावा. दुपारच्या पावसासाठी जाकीट पाठीवरच्या पिशवीत असू द्या.

शहरातला जुना विमानतळ २०१३ मध्ये बंद झाला. नवा ताबाबेलाला, दरीपलीकडे आहे; परतीच्या दिवशी रस्त्यासाठीच दीड तास धरा.

आणि खोलीवर वरण-भात करणार असाल, तर छोटा कुकर घेऊन जा. पाणी तिथे नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी दाताखाली येते.